टॉवरची पॉवर वाढवत का नाही?

मी मोबाइल नेटवर्कचं काम करते हे कळलं की लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये एकच प्रश्न येतो: “रेंज फुल्ल असते, पण नेट रखडतं. टॉवरची पॉवर वाढवत का नाही?” आमच्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडवर हे विचारणारे बहुतेक वरच्या मजल्यांवरचे असतात, आणि त्याला कारण आहे.

२२व्या मजल्यावरून खाडी दिसते, तसे आसपासचे दहाबारा टॉवरही फोनला ‘दिसतात’. एक तुमच्याशी बोलत असतो, बाकीचे दुसऱ्यांशी. फोनच्या कानावर सगळंच पडतं. समजा, हवा तो सिग्नल १००, शेजारच्यांचा गोंगाट ५० आणि फोनची स्वतःची खरखर १. सिग्नल आणि बाकी आवाजांचं गुणोत्तर १०० भागिले ५१, म्हणजे १.९६. सगळ्या टॉवरांनी पॉवर दुप्पट केली, तर २०० भागिले १०१, म्हणजे १.९८. जांभळी नाक्याच्या मंडईत एक भाजीवाला ओरडला की शेजारचा त्याच्या वर ओरडतो, तशातली गत.

मग कुणी किती बोलायचं हे एखाद्या मोठ्या कॉम्प्युटरने ठरवावं? ५जीच्या ३.५ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम ८.५ सेंटिमीटरची. ताशी ६० किलोमीटरने ऐरोलीकडे निघालेल्या लोकलमध्ये निम्मी लहर अडीच मिलिसेकंदांत मागे पडते, आणि तेवढ्यात सिग्नलचं चित्र पालटतं. शहरभराची मापं एका जागी गोळा करून हुकूम सुटेपर्यंत ती शिळी होतात.

म्हणून ज्याने त्याने आपल्याला जे ऐकू येतं त्यावरून ठरवायचं. १९९३ साली फॉशिनी आणि मिलजानिक या संशोधकांनी याची साधी रीत दाखवली: हवं असलेलं गुणोत्तर भागिले मिळालेलं गुणोत्तर, त्याने आपली पॉवर गुणायची. गरजेपेक्षा जास्त मिळत असेल तर आवाज आपोआप उतरतो. सगळ्यांच्या मागण्या एकाच वेळी पुरवणं शक्य असेल, तर सगळे कमीत कमी पॉवरवर येऊन स्थिरावतात, एकमेकांशी एक शब्दही न बोलता! शिकत असताना ही सिद्धता पहिल्यांदा कागदावर सुटली, त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आता एकेका पॅनेलमध्ये ६४-६४ अँटेना असतात, त्यामुळे ‘किती’बरोबर ‘कुठल्या दिशेला’ हेही ठरवावं लागतं. पॉवर भातखाचरातल्या पाण्यासारखी सोडायची: सखल जागी जास्त, उंचवट्यावर थेंबही नाही. शेजाऱ्याचा गोंगाट हा आपल्या खाचरातला उंचवटा. पण प्रत्येकाने आपलंच खाचर पाहिलं, तर सगळे जिथे येऊन थांबतात ती जागा सगळ्यांच्या भल्याची असेलच असं नाही. शेजाऱ्याने एक आकडा तरी कळवायला हवा: तुझ्या जादा वॅटमागे माझं किती नुकसान होतं. ती आपल्या पॉवरची किंमत समजून आपला बीम, म्हणजे एका दिशेला रोखलेला सिग्नलचा झोत, त्याच्या अंगावरून थोडा वळवायचा. माझ्या मते खरं काम इथेच आहे.

परवा वरच्या मजल्यावरच्या एका काकूंना मी खाडीकडची खिडकी सोडून आतल्या खोलीतून फोन लावायला सांगितला. रेंजची एक कांडी कमी झाली. नातवाचा व्हिडिओ कॉल मात्र शेवटपर्यंत अडखळला नाही.