छबिना, फॉर्च्युनर आणि ओस्लोचे जावई

विट्याकडच्या यात्रांना पाहुण्याने जाऊ नये, असं माझं जुनं मत आहे. चैत्रातलं ऊन, कानठळ्या बसवणारा डीजे आणि प्रत्येक दारात "येक घास तरी खावाच लागंल" हा प्रेमाचा छळ. तरी यंदा गेले. भाचीचे यजमान ओस्लोहून आले होते, आणि त्यांच्या गावच्या यात्रेला मावशीने आलंच पाहिजे असा भाचीचा हट्ट. गाव सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं. नाव लिहीत नाही, नाहीतर पुढच्या वर्षी मटणाला बोलावणार नाहीत.

सांगलीहून निघालं की तासगावच्या आसपास रस्त्याकडेला बेदाण्याची शेड लागतात. त्यापलीकडे प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. खरी गंमत गावात शिरल्यावर. देवळामागच्या रानात गाड्याच गाड्या, आणि नंबरप्लेटी केएल, टीएन, यूपी, डब्ल्यूबी. एमएच शोधावी लागत होती.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. खानापूर, आटपाडी, तासगाव आणि पलीकडचे साताऱ्यातले माण-खटाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. सोनाराकडचं मोडीचं सोनं आणायचं, त्याच्या दुकानातला झाडलेला कचरासुद्धा आणायचा, मुशीत घालून भट्टीत वितळवायचं, तेजाबात शुद्ध करायचं आणि परत द्यायचं. 1972च्या दुष्काळात भाचीचे सासरे असेच त्रिशूरला गेले. आता टेंभू योजनेने कृष्णेचं पाणी वर चढवून आणलंय, माळावर ऊस दिसतो, द्राक्षं दिसतात. पण गेलेली माणसं परतली नाहीत. ती यात्रेला येतात.

आणि बंगले बांधतात. भाचीच्या सासरचा तीन मजली आहे. दारात ग्रॅनाइट, जिन्याला स्टीलचा कठडा, छताला झुंबर. राहतात कोण? एकट्या सासूबाई, खालच्या एका खोलीत. मॉड्युलर किचनवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही, कारण भाकरी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चुलीवरच होतात. मी म्हटलं, "अहो, आतला गॅस वापरा की." तर म्हणाल्या, "त्यो पाव्हण्यास्नी दावायचा हाय." त्या भाकरी आणि तो तांबडा रस्सा, दोन्हीला तोड नव्हती, हे इथेच सांगून टाकते. मांडीखाली पाट मात्र हवा होता. चकचकीत टाइलवर या वयात बसवत नाही.

भाचीचे थोरले दीर, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, त्रिशूरहून फॉर्च्युनर घेऊन आले होते. गळ्यात बोटाएवढी चेन. आणि आमचे जावई स्वारगेटवरून एसटीने, पाठीला एक सॅक लावून. पारावरच्या म्हाताऱ्यांनी त्यांना उतरताना पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, "बाकीचं सामान मागनं येतंय व्हय?"

मला जावयांचं कौतुकच वाटलं होतं. गेल्या वर्षी आम्ही त्यांच्याकडे नॉर्वेला जाऊन आलो. फियॉर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाड्या, पाहिले, छान आहेत, थंडी फार. डोक्यात राहिलं ते वेगळंच. जावयांचे साहेब दुपारी कागदात गुंडाळून आणलेले पावाचे तुकडे खात होते. घरातला सोफा कुणीतरी वापरून विकलेला. आणि सुट्टीत एका मित्राच्या लाकडी झोपडीवर नेलं, तिथे नळ नाही, संडास बाहेर, आणि मालकाला त्याचाच अभिमान. जावयांनी मोबाईलवर एक जुना फोटोही दाखवला होता. 1973च्या तेलटंचाईत शनिवार-रविवारी गाडी चालवायला बंदी होती, तर त्यांचा राजा ओलाव साध्या लोकलमध्ये बसून स्कीइंगला चाललाय. परत आल्यावर सांगलीत दिसेल त्या बाईला मी हे सगळं ऐकवलं होतं.

तर, यात्रेचा दिवस. पुरणपोळीचा नैवेद्य झाला, सासनकाठ्या नाचल्या, गुलाल केसांत गेला तो अजून निघतोय. संध्याकाळी मंडपात माईक सुरू झाला. कळसाच्या कामाला कुणी किती दिले त्याची यादी. "कोइमतूरचे आमचे बंधू यांच्याकडून एक लाख एक हजार एकशे एक!" मग टाळ्या, मग हलगी. आण्णांचं नाव दोनदा पुकारलं. हे ताट वाढेपर्यंत चाललं होतं, आणि सासूबाईंचा हात भाकरीवर थबकलेला. धाकट्याचं नाव येईना.

जावयांनी पैसे सकाळीच दिले होते. खजिनदाराच्या मोबाईलवर पाठवून "नाव नका पुकारू" म्हणून सांगितलं होतं. शेजारची काकी रश्श्याची वाटी पुढे करत म्हणाली, "आसू दे वं. तिकडं म्हागाईच लई हाय म्हनं." सासूबाई काही बोलल्या नाहीत. ताटावरून उठल्या, नातवाला घेऊन अंधारात मंडपाकडे गेल्या. पाच मिनिटांत माईकवरून आकड्यासकट आवाज आला, "नार्वे देशातून खास यात्रेसाठी आलेले..." हलगी वाजली. सासूबाई परत येऊन जेवायला बसल्या. जावई लाल झाले होते.

मला राग आला. देवाच्या दारात ही कसली बोली, असं मी बोलूनही दाखवलं. त्यावर कुणी लक्ष दिलं नाही.

रात्री गच्चीवर गाद्या पडल्या. खाली छबिना, म्हणजे देवाच्या पालखीची मिरवणूक, निघालेला, झोप लागायचा प्रश्नच नव्हता. जावई भावाला म्हणाले, "आण्णा, ह्या दिखाव्याची लाज वाटते मला." आण्णा कुशीवर वळले. "त्रिशूरला मी कसा ऱ्हातो बघितलंयस का? भट्टीच्या मागं येक खोली, जुनी स्कूटर. ही चेन तिथं कपाटात असती. सोनार किलोनं सोनं हातात देतो, त्यो आदी माझ्या गळ्याकडंच बघनार. ह्याचं सोनं कुठनं आलं म्हनून." थोडं थांबून म्हणाले, "आन् हितं चेन घातली न्हाई तर इचारत्यात, गडी बुडाला का काय. पोरीला स्थळ बघायला येत्यात ते आदी मजले मोजत्यात."

मी झोपल्याचं सोंग सोडून उठून बसले. साधेपणा आण्णांकडेही होता, ओस्लोसारखाच, पण तो त्रिशूरला ठेवून येतात. आणि राजाचं म्हणाल तर लोकलमध्ये बसला तरी डब्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं की हा राजा आहे. ज्याचं नाव आधीच सगळ्यांना ठाऊक आहे, त्याला साधेपणा स्वस्तात पडतो. चाळीस वर्षं परमुलखात राहिलेल्या गलाईवाल्याला गावात कोण ओळखतं? नवीन सुना तर आण्णांना पाहुणेच समजतात.

जावई म्हणाले, तिकडे दाखवायची गरजच पडत नाही. नॉर्वेत कुणाचंही वर्षाचं उत्पन्न, मालमत्ता आणि भरलेला कर सरकारी यादीत बघता येतो. शेजाऱ्याचा, साहेबाचा, कुणाचाही.

आण्णा ताडकन उठून बसले. "कुनाचाबी? मंग तुमचं सरकारच माईक घिऊन बसलंय की! आमची तर वर्सातनं येक रात."

जावयांना हसू आवरेना. म्हणाले, "तसं नाही, आण्णा. तिथे आपल्या ओळखपत्राने लॉगिन करावं लागतं, आणि 2014पासून ज्याचं बघितलं त्या माणसाला बघणाऱ्याचं नाव कळतं. म्हणून मी आजवर साहेबाचं बघितलेलं नाही."

"म्हंजे ऐकनाऱ्याचं नावबी पुकारत्यात?" आण्णा परत आडवे झाले. "ही सोय हितं केली तर मंडपात कुत्रं फिरकायचं न्हाई."