पान पिवळं पडलंय, काय घालू?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर मी या प्रश्नाला उत्तर देणं सोडलंच होतं. जिन्यात, मंडईत, हळदीकुंकवाला, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत शेजारणीने पर्समधून पिवळं पान काढलं. "काय घालू?"

"घालू" हाच शब्द मला टोचतो. घालून घालूनच मी एक झाड मारलंय.

सासूबाईंचा अनंत होता, पांढऱ्या सुवासिक फुलांचा, पिंपात लावलेला. सांगलीत गावभागातल्या जुन्या घरी त्याला नळाचं, म्हणजे कृष्णेचं पाणी मिळायचं. त्या गेल्या, आम्ही विश्रामबागेत फ्लॅटवर आलो, तो पिंपासकट गच्चीवर आला आणि बोअरच्या पाण्यावर पडला. वर्षभरात शेंड्याची पानं पिवळी झाली. शिरा तेवढ्या हिरव्या, कुणी बारीक पेनाने आखल्यासारख्या.

नर्सरीवाला म्हणाला एकोणीस-एकोणीस द्या, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत. दिलं. मग कुणीतरी एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियमचं मीठ सांगितलं. तेही दिलं. मग हिराकस, म्हणजे लोहाचं मीठ, चमचाभर नाही, मूठभर. पिंपाच्या कडेला पांढरा थर चढत होता तो मी रोज बघत होते आणि खरवडून टाकत होते. आमच्याच जिल्ह्यात उसाला पाणी पाजून पाजून नदीकाठची रानं क्षारपड झाली, हे लहानपणापासून ऐकलेलं. माझ्या पिंपात तेच चाललंय हे डोक्यात आलं नाही.

तासगावचा भाचा द्राक्षबाग करतो. तो गच्चीवर उभा राहून म्हणाला, "मामी, पाणी तपासलंय का? आम्ही आधी पाण्याचा रिपोर्ट काढतो, मग खताचं बघतो." त्याच्याकडच्या कागदी पट्टीवर पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, आठाच्या वर निघाला; सातच्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी. एवढ्यावर मी थांबून रिपोर्ट काढायला हवा होता. मी काय केलं? दहा लिटरच्या बादलीत दोन मोठे चमचे लिंबूसत्व टाकलं आणि आठवडाभर रोज ते पाणी ओतलं. एप्रिल महिना, गच्ची तापलेली.

आणि मी वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय हो. पीएच एक आकडा उतरला की आम्लता दहापट, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! पण झाडापुढे मी बाई नव्हते, सून होते. काहीतरी करायची घाई होती. सहाव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या, दहाव्या दिवशी हात लावला की पान गळायचं. ह्यांनी खोड नखाने खरवडून बघितलं, आत तपकिरी. काही बोलले नाहीत. पिंप मात्र अजून कोपऱ्यात आहे, फेकू देत नाहीत.

तर ऐका. आधी पान बघा, वरचं की खालचं. खालची, जुनी पानं सरसकट पिवळी पडली तर नत्राची शंका घ्या, कारण झाड नत्र जुन्या पानातून काढून नव्याला देतं. जुन्या पानात शिरांच्या मधला भाग पिवळा झाला तर मॅग्नेशियम. तिथे एप्सम चालेल. पण नवीच पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर बहुधा लोह. ते मातीत असतं, झाडाला उचलता येत नाही. बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट माती हळूहळू अल्कधर्मी करतात, त्यात हिराकस टाकलं तरी लोखंड गंजासारखं बसून राहतं. ईडीडीएचए नावाचं लालसर चिलेटेड (दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेलं) लोह अशा मातीतही विरघळलेलं राहतं. ईडीटीएवालं स्वस्त मिळतं, पण तिथे टिकत नाही.

आरओचं वाया जाणारं पाणीही घालू नका. त्यात क्षार उलट जास्त. ("पाणी वाया जातं ना" म्हणून भांडणाऱ्यांनी फरशी पुसावी.)

आता माझ्याकडे पीएच मीटर आहे, चार आणि सातच्या द्रावणात आधी जुळवून घेते. पावसाचं पाणी दोन ड्रम साठवते. ते संपलं की दहा लिटरला तीन ग्रॅम लिंबूसत्व, काट्यावर मोजून. हा हिशेब माझ्या बोअरचा. तुमचं पाणी वेगळं, म्हणून आकडा मागू नका. मागणारच आहात, माहितीये.

कधी वाटतं, त्या वेळी काहीच घातलं नसतं तर तो पिवळा का होईना, जगला असता. लगेच दुसरं मन म्हणतं, त्या पाण्यावर किती दिवस? या भांडणात अजून कुणी जिंकलेलं नाही.

मागच्या पावसाळ्यात नवा अनंत लावलाय, मातीच्या कुंडीत. काल पाणी मोजलं, सहा पूर्णांक चार. शेंड्याची दोन पानं पिवळी आहेत. थंडीत मुळं मंदावतात, लोह कमी उचलतात, म्हणून असेल. हात शिवशिवतोय. महिनाभर काही घालणार नाही, असं ह्यांना सांगितलंय.