तीन थरांचं घर

मॉरिशसचं तिकीट काढून देणाऱ्या पुण्याच्या प्रवास कंपनीतल्या मुलीने मला एकच सल्ला दिला होता. "मॅडम, हॉटेलच्या बाहेर पडायची गरजच नाही, सगळं आतच आहे." पहिले तीन दिवस मी तसंच केलं. पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं हॉटेल, पायऱ्या उतरलं की समुद्र, आणि दोन-तीनशे मीटरवर प्रवाळाच्या कडेवर फुटणारी पांढरी लाटांची रेघ. त्या रेघेच्या अलीकडचं पाणी तळ्यासारखं शांत असतं. त्याला तिथे सगळे लगून म्हणतात. हा देश ज्यावर जगतो, ते हे पाणी. ते पाहिल्यावर लोक इतक्या लांबून का येतात हे कुणाला विचारावं लागत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला बसले होते. लोण्याच्या सोनेरी कागदावर न्यूझीलंड लिहिलेलं, चीज फ्रान्सचं, सफरचंदावरची चिकटपट्टी दक्षिण आफ्रिकेची. इथलं म्हणावं असं ताटात एकच होतं, अननस. व्हिक्टोरिया जातीचा, मुठीएवढा, पिवळाधमक आणि इतका गोड की साखर नको. मनात आलं, मी भरलेल्या पैशातलं या बेटावर नेमकं किती राहतं? अननसाएवढंच?

उरलेले चार दिवस मी कास्कावेल गावातल्या एका घरी खोली घेतली होती. कास्कावेल निवडायला कारण होतं. मॉरिशसमध्ये मराठी वंशाची माणसं आहेत, रत्नागिरीकडून मुंबई बंदरातून ऊसतोडीसाठी नेलेल्यांची पाचवी-सहावी पिढी, आणि ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातलं हे गाव त्यांच्या जुन्या गावांपैकी. न्यायला घरमालक स्वतः टॅक्सी घेऊन आले. पंचेचाळिशीचे, सावळे, शांत. गाडीत बसताना "बोंझूर मादाम" म्हणाले आणि मी मराठीत उत्तर दिल्यावर एकदम मागे वळले. "ताई, तुम्ही महाराष्ट्रातून? आमचे आजे तिकडले." मराठी त्यांनी शाळेत शिकलेली, म्हणून प्रत्येक शब्द जपून ठेवल्यासारखा. घरात बोलतात ती क्रिओल, फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली.

वाटेत दोन्ही बाजूंना ऊस. ऑक्टोबर म्हणजे तोडणीचा हंगाम, जून ते डिसेंबर चालतो. फडांच्या मध्येच काळ्या दगडांचे उंच ढीग दिसत होते, काही तर पायऱ्या-पायऱ्यांचे, देवळाच्या जोत्यासारखे रचलेले. मला वाटलं जुनं काही बांधकाम असेल. मालक म्हणाले, "ते आमच्या लोकांनी हातांनी वेचलेले दगड." बेट ज्वालामुखीचं, जमीन दगडांनी भरलेली. ऊस लावायचा तर आधी दगड वेचायचे. २ नोव्हेंबर १८३४ ला ॲटलस नावाचं जहाज भारतातून पहिले करारबद्ध मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं, आणि पुढच्या ऐंशीएक वर्षांत जवळजवळ ५ लाख माणसं त्याच वाटेने आली. त्या धक्क्याला आता आप्रवासी घाट म्हणतात. २००६ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. दगडी पायऱ्या आहेत तिथे, फार मोठ्या नाहीत. पण मी तिथे गेले तेव्हा पहिल्या पायरीवर पाय ठेवायला मन धजेना.

घर दुमजली, सपाट गच्चीचं, सिमेंटचं. चक्रीवादळांच्या या बेटावर पत्र्याच्या घरांनी फार सोसलंय. अंगणात तुळस, तिच्या बाजूला हनुमानाचं लाल घुमटीवजा देऊळ आणि दोन बांबूंवर लाल झेंडे. दारात सत्तरीच्या आजी, मालकांच्या आई. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि क्रिओलमध्ये काही बोलल्या. शेवटचा शब्द तेवढा कळला, "माहेर". बाकीचं मुलाने सांगितलं: ती म्हणते, तुम्ही तिच्या माहेरच्या बाजूच्या.

संध्याकाळी अंगणात बसून घराची गोष्ट ऐकली. त्यानंतर मला मॉरिशसची अर्थव्यवस्था समजायला आकड्यांची तितकी गरज उरली नाही.

जमीन उसाची. आजींच्या सासूबाई मळ्यात ऊस तोडायच्या, आणि आजींचे यजमानही त्याच मळ्यात. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा निर्यातीच्या कमाईतला ९० टक्क्यांहून जास्त वाटा साखरेचा होता. १९६१ मध्ये जेम्स मीड या अर्थतज्ज्ञाने (पुढे १९७७ मध्ये त्याला नोबेल मिळालं) अहवाल लिहिला होता, त्याला या बेटाचं भवितव्य अंधुकच दिसत होतं: माणसं वाढणार, पीक एकच, वादळं नेमाची. पुढे युरोपने साखरेला चांगला ठरलेला भाव दिला आणि त्यावर वर्षानुवर्षं निभावलं. मग यंत्रं आली, भावाची हमी जाण्याची चिन्हं दिसू लागली आणि २००१ च्या सुमारास मळ्यांनी मजुरांना स्वेच्छानिवृत्ती देऊ केली. रोख रक्कम आणि घरापुरता जमिनीचा तुकडा, आपल्या मापात जेमतेम तीन गुंठे. या घराखालची जमीन ती. २००६ पासून युरोपने भाव ३६ टक्क्यांनी उतरवत नेला, तेव्हा हे कुटुंब मळ्यातून बाहेर पडलेलं होतं.

खालचा मजला कापडाचा. १९७० मध्ये सरकारने निर्यातीसाठीच्या कारखान्यांना सवलतींचा कायदा केला, आणि ऐंशीच्या दशकात गावोगाव शिवणकारखाने उभे राहिले. बायका पहिल्यांदा पगारावर घराबाहेर पडल्या. आजी त्यांतल्याच. सकाळी अंधारात कंपनीची बस, दिवसभर स्वेटरच्या बाह्या जोडायच्या. "फक्त बाह्या," त्या म्हणाल्या, "बावीस वर्षं. पूर्ण स्वेटर मी कधी केलाच नाही." त्या बाह्यांच्या पगारातून शिल्लक टाकलेल्या पैशांनी पुढे खालच्या खोल्या झाल्या. जागतिक कापड व्यापारातले कोटे, म्हणजे कोणत्या देशाने किती माल पाठवायचा याच्या मर्यादा, २००५ च्या सुरुवातीला संपले, काम स्वस्त देशांकडे गेलं, आणि कारखान्याने एका शुक्रवारी हिशेब चुकता केला.

वरचा मजला समुद्राचा. मुलगा हॉटेलात लागला, आधी भांडी, मग वाढपी, मग डायनिंग हॉलचा प्रमुख. त्याच पगारावर काढलेल्या कर्जातून माझी खोली उभी राहिली.

१९७० च्या सुमारास मॉरिशसला वर्षाकाठी २७-२८ हजार पर्यटक यायचे. २०१८ मध्ये जवळपास १४ लाख आले. देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात, म्हणजे वर्षभरात घरच्या माणसांहून पाहुणे जास्त. हे आपोआप झालेलं नाही. सरकारने स्वस्त चार्टर विमानांना दार लावून ठेवलं, थोडे पण खर्च करणारे पाहुणे हवेत असं धोरण धरलं. साखरेत पैसा कमावलेल्या जुन्या घराण्यांनी तोच पैसा हॉटेलांत घातला. किनाऱ्यालगतची ८१ मीटरची पट्टी फ्रेंच काळापासून सरकारी, ती हॉटेलांना भाडेपट्ट्याने मिळते. प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून आज देशाच्या उत्पन्नाचा साधारण पाचवा हिस्सा पर्यटनाचा. मला या देशाबद्दल मनापासून आदर वाटतो तो इथे: एका पिकावर उभं असलेलं बेट, बुडेल असं शहाण्या माणसाने लिहून ठेवलेलं, आणि त्याने दोनदा स्वतःचा धंदा बदलून मुलांना शाळा आणि आजाऱ्यांना दवाखाना फुकट ठेवला.

पण ज्याच्यावर घर उभं, तेच एका दिवसात थांबू शकतं. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या. सरकारने पगारासाठी मदत केली म्हणून चूल पेटत राहिली, पण ज्यांची कमाई बक्षिशीवर आणि जादा तासांवर होती त्यांचं कंबरडं मोडलं. २०२१ मध्ये पर्यटक आले फक्त १ लाख ८० हजारांच्या आसपास. "हॉटेलमध्ये मला कोपऱ्यातल्या माडाचा कंटाळा आला होता," मालक म्हणाले. "त्या वर्षी मी सायकलने जाऊन कुंपणाबाहेरून तो माड बघून यायचो."

आणि सीमा बंद झाल्या त्याच वर्षी तेल सांडलं. २५ जुलै २०२० ला वाकाशिओ हे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यावर पॉइंट देस्नीजवळ प्रवाळावर चढलं. ६ ऑगस्टपासून त्यातून इंधन गळू लागलं, सुमारे हजार टन, सगळं लगूनमध्ये. आम्ही त्याच किनाऱ्यावरच्या माएबूरला गेलो, आजीही बरोबर आल्या. धक्क्यावर आता कोळ्यांच्या निळ्या होड्या, मागे सिंहाच्या आकाराचा डोंगर, पाणी स्वच्छ. आजींनी बोटाने जागा दाखवली, इथपर्यंत काळं होतं, वास घशात बसायचा.

तेल अडवायला लांबलचक तरंगते बांध लागतात. ते पुरेसे नव्हते. लोकांनी वाट पाहिली नाही. उसाचं पाचट आणलं, कापडाच्या लांब नळ्या शिवल्या, त्यांत पाचट ठासलं, तरंगावं म्हणून रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधल्या आणि पाण्यात सोडल्या. केशकर्तनालयांतून कापलेले केस आले, तेल शोषतात म्हणून. बेटभर हे काम चाललं होतं. कास्कावेलला आजींनी कपाटातल्या चादरी काढल्या, शिवणयंत्र अंगणात आणलं. शेजारणी पाचट भरत होत्या, आजी शिवत होत्या. दुहेरी टाका, कारखान्यातला, कारण ओलं पाचट जड होतं आणि एकेरी शिवण उसवते. मुलगा आणि त्याचे हॉटेलातले मित्र, सगळे घरी बसलेले, टेम्पोत भरून ते माएबूरला पोचवत होते.

मी धक्क्यावर उभी राहून हे ऐकत होते. पाचट सासूबाईंच्या मळ्यातलं, टाका आजींच्या कारखान्यातला, आणि वाचवायचं होतं ते मुलाच्या पोटापाण्याचं पाणी. मला बोलायला काही सुचलं नाही. आजींनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली दाल पुरी काढून हातात दिली. पुरणपोळीची बहीणच ती, पण तिखटमिठाची, आत वाटाण्याच्या डाळीचं सारण, वर टोमॅटोचा रस्सा आणि मिरची. तिथे ती जोडीनेच विकतात, एक कुणी मागत नाही.

रविवारी फ्लिक आँ फ्लाकच्या किनाऱ्यावर गेलो. आपल्या कोकणात असतं तसंच सुरूचं बन, तीच सुयांची मऊ गादी पायाखाली. मॉरिशसमध्ये भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू सगळ्यांची असते, कायद्याने. सुरूंच्या सावलीत कुटुंबंच्या कुटुंबं पातेली घेऊन आलेली, बिर्याणीचा वास, कुणीतरी रावान नावाची डफासारखी चर्मवाद्यं शेकोटीवर तापवत होतं, मग सेगा, तिथलं नाच-गाणं, सुरू झाला. थोडं पुढे हॉटेलांच्या आरामखुर्च्या. तिथली वाळूही सार्वजनिकच, तरी स्थानिक माणसं तिकडे जाऊन बसत नाहीत. मालकांच्या मुलीला मी विचारलं, का? ती एकोणीस वर्षांची, हॉटेल व्यवस्थापन शिकतेय. म्हणाली, "कुणी हाकलत नाही. पण कुणीतरी येऊन, काही हवंय का, असं विचारतं. ते विचारणं वेगळं असतं."

तिला इथल्या हॉटेलात नोकरी करायची नाही. क्रूझवर जायचंय. तिच्या वर्गातली निम्मी मुलं तोच विचार करतात, डॉलरमध्ये पगार, जग बघायला मिळतं. इकडे हॉटेलांना माणसं मिळेनाशी झालीत, म्हणून नेपाळ, बांगलादेश आणि भारतातून आणावी लागतात. मी उतरले होते त्या हॉटेलात खोली आवरणारा मुलगा बिहारचा होता. तीन वर्षांच्या करारावर आलेला. "करार" हा शब्द त्याने अगदी सहज उच्चारला, आणि मला आप्रवासी घाटाच्या पायऱ्या आठवल्या. काळ वेगळा आहे, त्याच्याकडे पासपोर्ट आहे, घरी रोज व्हिडिओ कॉल आहे, तुलना करणं बरोबर नाही. तरी आठवल्या खऱ्या.

मला राग कशाचा येतो ते सांगते. हॉटेलांचा नाही, त्यांच्या पगारावर हजारो घरांचे वरचे मजले उभे राहिलेत. राग येतो त्या "सगळं आतच आहे" या सल्ल्याचा. विमानतळ ते हॉटेल आणि हॉटेल ते विमानतळ असा प्रवास करणाऱ्याचे पैसे लोण्याच्या कागदाबरोबर परत बोटीत बसतात. दाल पुरीवाल्याला, माएबूरच्या होडीवाल्याला, शामारेलच्या चढावर अननस सोलून मीठ-मिरची लावून देणाऱ्या बाईला त्यातलं काही पोचत नाही. मॉरिशसला जाणार असाल तर एक-दोन रात्री तरी गावात राहा. बस सगळीकडे जाते, पोर्ट लुईहून क्युरपीपपर्यंत मेट्रो आहे, आणि माणसं वाट दाखवायला सोबत चालत येतात.

निघायच्या सकाळी हिशेब केला. चार रात्रींचे पैसे मी मालकांना देऊ लागले तर त्यांनी आजींकडे बोट दाखवलं. आजींनी नोटा मोजल्या नाहीत. ओसरीवरच्या शिवणयंत्राचा लाकडी खण ओढला, त्यात बॉबिन, कात्री, मोजपट्टी आणि रबरबँड लावलेली एक गड्डी होती. माझ्या नोटा तिच्यात सरकवल्या. मग त्याच खणातून निळ्या फुलांच्या चादरीचा एक तुकडा काढून माझ्या हातात ठेवला, त्या वेळी उरलेला. कडेला दुहेरी टाका होता.