तुम्ही विचारलंत म्हणून: त्याच मंडळात परत का?

आमच्या ग्रुपमधली तरुण पोरं-पोरी मला सारखं विचारतात, "काका, ज्यांनी तुम्हाला आमटीच्या पातेल्यापासून उठवलं, त्यांच्याच मंडळात तुम्ही परत जाता? का?" कुणी काळजीनं विचारतं, कुणी रागानं. आजवर "सोडा रे" म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच सांगतो.

मंडळाचं नाव घेणार नाही. दर गुरुवारी सरकारी इस्पितळाच्या फाटकाबाहेर रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण द्यायचं, हे त्याचं काम. पेशंट आत वॉर्डात, ही गावाकडची माणसं बाहेर फुटपाथवर. पोळ्या सेवेकऱ्यांच्या घरून येतात. आमटी, भाजी, भात देवळामागच्या शेडमध्ये शिजतो. आमटी माझ्याकडे असायची.

२ जुलै २००९ला दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं, की सज्ञान माणसांनी राजीखुशीनं, खासगीत ठेवलेले समलिंगी संबंध दंडविधानाच्या कलम ३७७ खाली गुन्हा नाहीत. तो निकाल आला नसता तर मी मंडळात तोंड उघडलं नसतं. त्या धीरावर सांगून टाकलं, की माझ्याबरोबर येऊन कांदे चिरणारा हा माझा भाडेकरू नाही, जोडीदार आहे. कुणी कौतुक केलं नाही, कुणी उठूनही गेलं नाही. एका मावशींनी तेवढं विचारलं, "मग घरी स्वयंपाक कोण करतं?" आणि त्या पुन्हा पोळ्या मोजायला लागल्या. चार वर्षं तसंच चाललं.

११ डिसेंबर २०१३, बुधवार. सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. आम्ही लोकसंख्येत नगण्य, आणि दीडशेहून जास्त वर्षांत दोनशेहूनही कमी लोकांवर खटले झाले, असं त्या निकालपत्रात लिहिलंय. खटला न भरता नुसत्या धमकीवर ज्यांना लुबाडलं, ते कुठल्या आकड्यात धरायचे?

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. आम्ही दोघं शेडवर गेलो. फोडणी झाली होती, डाळ उकळत होती, मी चिंचेचा कोळ घालत होतो. कार्यवाह आले. मला बाजूलाही घेतलं नाही, सगळ्यांसमोर बोलले. "हे बघ, माझं वैयक्तिक काही नाही. पण आता कोर्टानंच गुन्हा ठरवलाय. उद्या कुणी तक्रार केली तर मंडळावर येईल. तुम्ही दोघं काही दिवस अन्नाला हात लावू नका. तू पावत्या बघ."

मी म्हटलं, "काका, गेल्या गुरुवारची आमटी चालली, मग आजची का नाही?"

"आता वाद नको. बाहेर लोक ताटकळलेत."

ते खरंच होतं. मावशींनी माझ्या हातातली पळी घेतली. हिसकावली नाही, घेतली, आणि माझ्याकडे बघितलं नाही. वाटीत कोळ अर्धा उरला होता. जोडीदारानं विळी मिटली, कोपऱ्यात ठेवली आणि तो चालू लागला. मी त्याच्यामागे फाटकापर्यंत आलो तर तिथे रांग लागलेली. एका बाईंनी मला ओळखलं. "दादा, आज उशीर का?" मी म्हणालो, "आणतायत. बसा."

आमटी ढवळायला ३७७ नं कधीच बंदी केली नव्हती, त्या निकालानंतरही नाही. कार्यवाहांना ते कळत नव्हतं असं मला वाटत नाही. त्यांना नको होतं ते बोलायला कोर्टानं तोंड दिलं.

६ सप्टेंबर २०१८ला पाच न्यायमूर्तींनी एकमतानं आम्हाला गुन्ह्यातून बाहेर काढलं. त्याच आठवड्यात कार्यवाहांचा फोन. "आता कोर्टानं मोकळं केलंय. ये गुरुवारी." मी गेलो नाही. माझे हात आधी न्यायालयानं चालवून घ्यायचे आणि मग यांनी, हे मला मंजूर नव्हतं. आजही नाही.

गेलो ते २०२०च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत. खाणावळी बंद, एसटी बंद, इस्पितळाबाहेरची माणसं तिथेच अडकलेली. सरकारची शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयांना झाली होती, पण ती सगळ्यांना पुरत नव्हती. मंडळाचे बरेच सेवेकरी साठीच्या पुढचे, घरात बसलेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेलो आणि डाळ निवडायला घेतली.

माफी? नाही मागितली कुणी. मावशी आता नाहीत. आपलं वेगळं अन्नछत्र काढा म्हणता, तर काढा, मी पैसेही देईन आणि येईनही. पण आपण वेगळे झालो की ते स्वयंपाकघर कायमचं फक्त त्यांचं होतं. आमटी माझीही होती. ती मी का सोडू?

२०१३मधला मी हे वाचून भडकेल. म्हणेल, लोकांची भूक पुढे करून तू स्वतःचा अपमान गिळलास. त्याला द्यायला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. जोडीदारही तेच म्हणतो. तो परत आलाच नाही, आणि बुधवारी रात्री यावरून आमच्यात अजून वाजतं.

आणि कायदा म्हणाल तर १७ ऑक्टोबर २०२३ला लग्नाचा हक्क नाकारला गेला. पुढच्या सप्टेंबरात केंद्रानं जाहीर केलं, की शिधापत्रिकेसाठी आमच्यासारख्या जोडीदारांना एकाच घरातले धरा, असं राज्यांना कळवलंय. म्हणजे रेशनला आम्ही एक घर, विवाह नोंदणीत कुणीच नाही. निकाल फिरलेला मी पाहिलाय, तिथे सूचनेचा काय भरवसा? खासगी मंडळानं आम्हाला चुलीपासून उठवू नये असं सांगणारा कायदा तर आजही नाही.

म्हणून गेल्या सभेत मी ठराव मांडला: सेवेकरी कुणाबरोबर राहतो यावरून त्याला कुठल्याही कामावरून काढता येणार नाही, असं मंडळाच्या नियमावलीत लिहा. कार्यवाह म्हणाले, "आता काय गरज आहे? तू आहेसच की." तिघांनी पाठिंबा दिला, बाकीचे गप्प. विषय पुढच्या सभेवर गेलाय. तो फेटाळला गेला तर मी त्या गुरुवारी जाईन की नाही, हे मला खरंच सांगता येत नाही.