आज दिवसभर पीटर टॉश

सुट्टी होती. कपाट आवरता आवरता जमैकाचा रेगे गायक पीटर टॉश याचा 'इक्वल राइट्स' लावला आणि आवरणं राहूनच गेलं. १९७७ चा अल्बम. न्याय नसेल तर शांतता कसली, हेच त्याचं म्हणणं.

बॉब मार्ली सगळ्यांना माहीत असतो. त्याच्यासोबत 'वेलर्स' हा बँड उभा करणारा टॉश मात्र मागे राहतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एप्रिल १९७८, जमैकाची राजधानी किंग्स्टन. राजकीय हिंसाचार थांबावा म्हणून भरवलेली मैफल. पंतप्रधान मायकेल मॅनली आणि विरोधी नेते एडवर्ड सीगा, दोघेही समोर. मार्लीने त्या रात्री दोघांचे हात मंचावर एकत्र धरले, तो फोटो जगभर गेला. पण त्याआधी टॉशने गाणं थांबवून दोघांनाही तोंडावर सुनावलं होतं. गरिबांवरचा अन्याय, पोलिसांची दांडगाई, सगळं. काय छाती लागत असेल! काही महिन्यांतच पोलिसांनी त्याला पकडून अर्धमेला होईस्तोवर मारलं. तरी तो गात राहिला.

११ सप्टेंबर १९८७ ला घरात घुसलेल्या बंदूकधाऱ्यांनी त्याला मारलं. वय अवघं ४२. ग्रॅमी मिळाला तो पुढच्या वर्षी.

संध्याकाळी दिवे लावले तेव्हाही तोच आवाज चालू होता. कपाट अजून उघडंच आहे.