उकडलेला बटाटा गप्प का बसला

यंदा मे महिन्यात ब्रिस्बेनहून ठाण्याला, नौपाड्यात पोचले. दारातच आईने माझे हात उलटसुलट करून पाहिले. "लोक फॉरेनला जाऊन गोरे होऊन येतात, तू कोळसा झालीस गं!"

तिला काय सांगणार! आमच्याकडे ऑस्ट्रेलियात टोपी नसेल तर शाळेत पोरांना मधल्या सुट्टीत उन्हात खेळू देत नाहीत. शर्ट चढवा, क्रीम फासा, टोपी घाला, हा धोशा १९८१ पासून चालू आहे. यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा, ३ झाला की क्रीम लावायचं, आणि उन्हाळ्यात तो ११ च्या वर जातो. मे महिन्यात ठाणंही फार मागे नसतं म्हणा.

आईच्या कपाटात गोखले रोडवरून आणलेली 'अँटिऑक्सिडंट' क्रीमची महागडी डबी होती. भाचा म्हणाला, "मावशी, म्हणजे काय?"

मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आणली. आईने वड्यांसाठी बटाटे उकडलेच होते. एका वाटीत कच्च्या बटाट्याची फोड, दुसरीत उकडलेल्याची, दोन्हींवर पेरॉक्साइड. कच्ची फोड फसफसली, पांढरा फेस वाटीच्या काठापर्यंत. उकडलेली ढिम्म.

फेस काढणारं ते कॅटलेज, एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया झपाट्याने उरकणारं प्रथिन. हेच घरचं अँटिऑक्सिडंट, पेशींना जाळणाऱ्या ऑक्सिजनच्या रूपांना आवरणारं. आपल्या त्वचेतही हेच एन्झाइम असतं. उन्हामुळे पेशीत सुपरऑक्साइड तयार होतं, म्हणजे ऑक्सिजनचंच एक खवळलेलं रूप, एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा असलेलं. त्याला आधी सुपरऑक्साइड डिस्म्युटेज नावाचं एन्झाइम गाठतं. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी ते ओळखलं. पण त्यातून तयार होतं काय, तर पेरॉक्साइडच. आगीतून फुफाट्यात! मग कॅटलेज त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, कॅटलेजचा एकेक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू उरकतो. सोबतीला सेलेनियमवालं आणखी एक एन्झाइम, ग्लुटाथायॉन पेरॉक्सिडेज, असतं. यांच्या हातून निसटलं ते पेशीच्या पडद्याला, डीएनएला डसतं.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) कॅटलेज स्वतःच यूव्हीने लुळं पडतं. उष्णतेने बटाट्यातलं मेलं, उन्हाने आपल्यातलं कमी होतं. ऐन गरजेच्या वेळी. माझ्या मते डबीपेक्षा छत्री बरी.

"झालं तुझं शास्त्र?" आई म्हणाली. "वाट्या घास आधी. एक साखरेची आहे."