अंगठा कुठं द्यायचा?

यादीतलं ते सतरावं नाव. नावापुढे मीच लाल पेनाने लिहिलं होतं, ‘उपचार सोडले’.

माझ्या पीएचडीचा विषय एका वाक्यात सांगायचा तर, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात येणारे रुग्ण मध्येच येणं का थांबवतात. हा कार्यक्रम देशात १९९६ साली सुरू झाला. मनोरुग्णालयापर्यंत जाणं ज्यांना जमत नाही, त्यांच्या तालुक्यात डॉक्टरांनी जायचं, अशी त्यामागची कल्पना. ठरलेल्या दिवशी पथक ग्रामीण रुग्णालयात येतं, केसपेपर निघतो, महिन्याच्या गोळ्या मिळतात. रजिस्टरात सलग तीन महिने नोंद नसली की तो रुग्ण माझ्या व्याख्येनुसार ‘खंडित’. व्याख्या नीटनेटकी होती आणि मार्गदर्शकांनाही आवडली होती.

मे महिना, बीड जिल्हा, सकाळी दहालाच अंग भाजत होतं. नर्सने आधी फोन करून विचारलं होतं, घरचे हो म्हणाले होते. आशाताई म्हणाल्या, “मॅडम, गाडी हितंच राहू द्या. दारात गाडी थांबली की लोक दिवसभर इचारत बसत्यात.” मग शेताच्या बांधावरून चालत गेलो.

घराच्या ओट्यावर बाई धान्य पाखडत होती. नवरा लिंबाखाली दावं वळत बसला होता. मी बाईजवळ बसले आणि संमतीपत्र काढलं. चार पानी. संशोधनाला परवानगी देणाऱ्या आचारसमितीने त्याचं मराठी तीनदा सुधारून घेतलेलं. आपण कोण, कशासाठी आलो, माहिती गुप्त राहील, सगळं वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “अंगठा कुठं द्यायचा? आन् उचल किती?”

मला कळलंच नाही. आशाताई हसल्या. “तसला कागद न्हाई गं हा. मुकादमाचा न्हाई.”

उचल म्हणजे ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे. ती घेताना कागदावर अंगठा होतो आणि हंगामभर नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून बांधली जाते. अंगठ्याचा कागद तिने आयुष्यात तोच पाहिला होता. मी घाईने सांगितलं, “ताई, यात तसं काही नाही. कारण न सांगता कधीही नाही म्हणता येतं, इथं लिहिलंय बघा.” ती आशाताईंकडे बघून म्हणाली, “आमच्या कागदात असं न्हाई लिहीत कुनी.”

मग कळलं. दिवाळी झाली की ही माणसं सांगली-कोल्हापूरकडच्या कारखान्यांना, कधी कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्यातच परततात. तीन महिने नव्हे, पाच-सहा. माझ्या नोंदवहीत नोव्हेंबरपासून गळती वाढत होती. मी त्या गळतीला थंडी, सण, एसटीच्या फेऱ्या असली कारणं जोडून ठेवली होती. बीडमध्ये राहून ऊसतोड सुचू नये, याची लाज अजून वाटते.

बाईने आतून डबा आणला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, आत रिस्पेरिडोनच्या, म्हणजे मनोविकारावरच्या गोळ्यांच्या पट्ट्या. काही गोळ्या मधोमध मोडलेल्या, कागदाच्या पुडीत बांधलेल्या. महिन्याच्या गोळ्या पुरवायच्या होत्या म्हणून अर्धी-अर्धी दिली. त्या संपल्यावर कारखान्याजवळच्या मेडिकलात रिकामी पट्टी दाखवून एक पट्टी विकत घेतली, दुसऱ्यांदा चिठ्ठीशिवाय दिली नाही. आणि वेळ? डॉक्टरांनी रात्री जेवणानंतर सांगितली होती. “पर रात्री दोनला ट्रॅक्टर यायचा भरायला. गोळी खाल्ली की हे उठंनात. मुकादम वरडायचा. म्हून गाडी भरून झाली की द्यायचे, पहाटं.”

मुकादमाला आजाराचं माहीत होतं का? तिने मान हलवली. कळलं असतं तर कोयताच धरला नसता.

मी भराभर लिहीत होते. तेवढ्यात लिंबाखालून आवाज आला. “गोळ्या मी खातो, मॅडम. मला इचारा की.”

अर्धा तास झाला होता. त्या माणसाशी मी ‘राम राम’पलीकडे एक शब्द बोलले नव्हते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम ४. माणसाला समजतं, परिणाम कळतो, सांगता येतं, तर आपल्या उपचाराचा निर्णय तो घेऊ शकतो असंच धरायचं, आजार असला तरी. हे कलम मी प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात दोन पानं उलगडून सांगितलंय.

उठून त्याच्याजवळ जाऊन बसले आणि चारही पानं पुन्हा वाचली. त्याने मध्येच थांबवून एक प्रश्न विचारला, गावात कुणाला सांगणार का. मग अंगठा न देता सही केली, सातवीपर्यंत शिकलेला होता. ‘उपचार का सोडले?’ हा माझा पहिला प्रश्न वाचायची हिंमत झाली नाही. त्यानेच सांगितलं, “सोडलं न्हाई. संपलं.” आवाज पुन्हा यायला लागले तेव्हा तो उसाच्या फडात कानाला मफलर बांधून तोडायचा. दिवाळीच्या आत सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतील का, एवढंच त्याला हवं होतं. दुपारी रुग्णालयात विचारलं. साठा महिन्याचाच येतो, असं उत्तर आलं.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झालं. वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचाराबाहेर आहेत, असं त्यात निघालं. ज्या बारा राज्यांत ते झालं त्यांत महाराष्ट्र नव्हता. हा आकडा मी प्रत्येक सादरीकरणात पहिल्या स्लाइडवर लावते. त्या पत्र्याच्या डब्याला त्यात कुठे बसवायचं, ते अजून ठरवता आलेलं नाही. उपचारात म्हणावं, तर अर्धी गोळी.

संध्याकाळी मार्गदर्शकांना फोन केला. व्याख्या बदलायची म्हणजे पुन्हा आचारसमिती, पुन्हा काही महिने. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “टाक दुरुस्ती.”

अर्जात ‘बदलाचे कारण’ असा रकाना होता. मी लिहिलं, रुग्ण ऊसतोडीला गेला होता. समितीचा शेरा आला: ऊसतोडीचा मानसिक आरोग्य सेवेशी संबंध स्पष्ट करावा.

स्पष्टीकरणाला दोन पानं लागली. ट्रॅक्टर रात्री दोनला येतो, तिथून सुरुवात केली.